कालवड का अडते?

कामगार संघटनेचा कार्यकर्ता वसंत व्याख्यानमालेत बोलायला उभा राहिला की तो बोनस, महागाई भत्ता नाहीतर कंत्राटी पद्धत यांवर बोलणार, अशी श्रोत्यांची समजूत असते. ती समजूत चुकीची नाही. तीस वर्षे आम्ही हेच बोलत आलो. पण आज आम्ही गाईविषयी बोलणार आहोत, आणि तेही पहिल्यांदाच विणाऱ्या कोवळ्या गाईविषयी, म्हणजे कालवडीविषयी. आम्ही पशुवैद्य नाही. आमची शाळा सातवीत सुटली. पुढचे शिक्षण झाले ते युनियनच्या कचेरीत, रात्रीच्या दिव्याखाली, शब्दकोश उशाशी घेऊन. या विषयाकडे आम्ही वळलो तो एका रात्रीमुळे. ती रात्र आधी सांगतो, म्हणजे पुढची माहिती कोरडी वाटणार नाही.

दूध संघातल्या कामगारांची सभा होती. ती आटोपून आम्ही एका सभासदाच्या घरी मुक्कामाला राहिलो. पगारात भागत नाही म्हणून त्याने दारात दोन जनावरे बांधलेली. त्यांतली एक संकरित कालवड, पहिलारू, अंगाने बारीक. मध्यरात्री तिची पाणमोट फुटली. दोन खूर दिसू लागले, आणि तेथेच सारे थांबले. एक तास गेला, दोन गेले. डॉक्टरांचा फोन लागेना. अखेर शेजारीपाजारी जमले आणि आम्ही पाच जणांनी दोर बांधून ओढायला सुरुवात केली. सगळे एकदम, संप मोडायला आलेल्या ट्रकला अडवावे तशा ताकदीने. वासरू निघाले ते मेलेले. चांगले दांडगे खोंड होते. कालवड त्यानंतर मागच्या पायांवर उभी राहिलीच नाही. आठव्या दिवशी तीही गेली.

त्या पहाटे त्या सभासदाची बायको आम्हांला म्हणाली, "दादा, वासरू लहान राहावं म्हणून शेवटचे दोन महिने मी तिचा खुराकसुद्धा तोडला होता. तरी असं कसं झालं?" या प्रश्नाला आमच्यापाशी उत्तर नव्हते. ज्याच्यापाशी उत्तर नाही त्याने दोर ओढायला पुढे व्हावे, याची आम्हांला लाज वाटली. मग आम्ही वाचायला बसलो.

वाचता वाचता कळले की या प्रश्नाचा सर्वांत बारकाईने अभ्यास झाला तो दुधाच्या नव्हे, तर मांसाच्या धंद्यात. त्यातही विशेषतः अमेरिकेत. आपल्या राज्यात गाईच्या कत्तलीला पूर्वीपासून बंदी होती आणि २०१५ पासून बैल-वळूंनाही ती लागू झाली. तेव्हा तो धंदा आपला नव्हे. पण शास्त्र कोठेही शिकता येते. तेथील कुरणांवर एकेका मालकाच्या शेकडो गाई असतात, त्या एकाच हंगामात दोन-तीन महिन्यांत वितात, आणि प्रत्येक वासराचे जन्माचे वजन वहीत उतरते. नेब्रास्का राज्यात क्ले सेंटर या गावाजवळ मांसाच्या जनावरांचे सरकारी संशोधन केंद्र आहे. दुसऱ्या महायुद्धात जेथे आरमाराचा दारूगोळा साठवीत, त्या जागेवर १९६४ साली ते मंजूर झाले. १९६९ पासून तेथे निरनिराळ्या जातींच्या वळूंपासून झालेल्या वासरांची तुलना सुरू झाली. माँटाना राज्यातल्या माइल्स सिटीजवळ असेच दुसरे केंद्र आहे. तेथे तर पूर्वी लष्कराचा किल्ला होता. या दोन ठिकाणच्या नोंदींतून जे निघाले त्यावरच आमचे पुढचे बरेचसे विवेचन आधारलेले आहे.

पहिली गोष्ट अशी, की कालवड अडते याचे मुख्य कारण अगदी साधे आहे. दरवाजा लहान आणि गाठोडे मोठे. वासरू उलटे येणे, पाय मागे राहणे, मान वळणे ही कारणे आहेतच. पण पहिल्या वेतात बहुतेक वेळा वासरू सरळच असते, ते फक्त मावत नाही. आईच्या कटीच्या हाडांतून जाणारी वाट अरुंद आणि वासराचे वजन जास्त, ही ती विसंगती. या दोहोंत वजनाचा वाटा अधिक मोठा, असे नोंदी सांगतात. पाच-सहा वेते झालेल्या गाईला वासरू ओढून काढावे लागणे विरळा. दोन वर्षांच्या कालवडीत मात्र ते नित्याचे. आणि नुकसान त्या रात्रीपुरते राहत नाही. क्ले सेंटरच्या नोंदींत, अडून जन्मलेल्या वासरांपैकी पहिल्या चोवीस तासांत मरणाऱ्यांचे प्रमाण सुखरूप जन्मलेल्यांच्या सुमारे चौपट निघाले. ज्या गाईंना मदत लागली नाही त्यांपैकी पुढच्या हंगामात सुमारे ८५ टक्के गाभण राहिल्या. ज्यांना लागली त्यांपैकी सुमारे ६९ टक्केच. म्हणजे एका रात्रीच्या ओढाताणीची किंमत वर्षभर मोजावी लागते.

आता गाठोडे मोठे का होते ते पाहू. त्यात काही गोष्टी निसर्गाच्या आहेत. गाय सुमारे २८३ दिवस गाभण असते. दिवस वर गेले की वासरू रोज अर्ध्या किलोच्या आसपास वाढते. खोंड हे कालवडीपेक्षा जन्मतः दोन-एक किलोंनी जड असते. हिवाळा फार कडक गेला तर त्या सालची वासरे जड निघतात, असेही नेब्रास्कात आढळले. थंडीत जनावराचे रक्त कातडीकडून आतल्या अवयवांकडे वळते, त्यामुळे गर्भाला पोषण अधिक मिळत असावे, असा त्याचा अर्थ लावतात.

पण सर्वांत मोठी गोष्ट निसर्गाची नाही, ती मालकाच्या निवडीची आहे. ती म्हणजे वळू. जन्माच्या वजनातला जो फरक जनावराजनावरांत दिसतो, त्याचा सुमारे ४० टक्के भाग वंशातून येतो. मांसाच्या धंद्यात माल वजनावर विकला जातो. सात महिन्यांचे वासरू आईपासून तोडून काट्यावर चढवतात, आणि जितके किलो तितके पैसे. मग साहजिकच मालक भराभर वाढणाऱ्या जातीचा वळू शोधतो. १९६० च्या दशकापासून शारोले, सिमेंटाल, लिमुझां अशा युरोपातल्या थोराड जातींना अमेरिकेत जोराची मागणी आली ती यामुळेच. पण भराभर वाढण्याचा गुण जन्मानंतरच जागा होतो असे नाही. तो पोटातही काम करीत असतो. मोठ्या वाढीचे वासरू जन्मालाही मोठेच येते. त्यात भर म्हणजे, एक वर्षाचे दाणावैरण वाचावे म्हणून कालवडीला तिसऱ्याऐवजी दुसऱ्या वर्षीच विण्याला लावण्याची पद्धत तेथे रुळली. दोन वर्षांची कालवड स्वतःच अजून वाढत असते. म्हणजे वजन वाढवले मालकाने, वय कमी केले मालकाने, आणि ओझे आले ते अर्धवट वाढलेल्या अंगावर. गिरणी असो की कुरण, हा हिशेब आम्हांला ओळखीचा वाटला, हे कबूल केले पाहिजे.

ही हाव कोठपर्यंत जाते याचे उदाहरण बेल्जियममध्ये आहे. तेथील बेल्जियन ब्ल्यू जातीत स्नायूंची वाढ आवरणारा एक जनुक बिघडलेला आहे. हे १९९७ साली सिद्ध झाले. त्यामुळे जनावराच्या पुठ्ठ्यांवर जादा मांस चढते, खाटकाला ते फार पसंत पडते. पण वासरूही तसेच पिळदार आणि आईची वाट उलट अरुंद. परिणाम असा की या जातीच्या शुद्ध गाईंची दहांतली नऊहून अधिक वेते पोट कापूनच करावी लागतात. तेथे शस्त्रक्रिया हा अपघात राहिलेला नाही, ती धंद्याची रीतच झाली आहे.

आता त्या माउलीच्या प्रश्नाकडे येतो. खुराक तोडला तर वासरू लहान राहील आणि वेत सोपे जाईल, ही समजूत केवळ आपल्याकडचीच नाही. अमेरिकन पशुपालकही तसेच मानीत. वरवर पाहता तर्क बरोबर दिसतो, कारण गर्भाच्या वजनाचा निम्म्याहून बराच अधिक भाग शेवटच्या तीन महिन्यांतच चढतो. म्हणून माइल्स सिटीच्या केंद्राने १९७० च्या दशकात प्रयोग करून पाहिले. गाभण जनावरांचे दोन गट केले. शेवटचे तीन महिने एका गटाला भरपूर चारले, दुसऱ्याला तोकडे. तोकड्या गटाची वासरे थोडी हलकी निघाली खरी. पण अडण्याचे प्रमाण काही कमी झाले नाही. उलट अर्धपोटी राहिलेल्या जनावरांना पुन्हा माजावर यायला उशीर लागला आणि पुढच्या वेळी त्यांतली कमी गाभण राहिली.

असे का व्हावे? निसर्ग आईच्या अंगातले काढून गर्भाला देतो. खुराक तोडला की वासरू किलो-दोन किलोने उतरते, पण आई त्याहून कितीतरी अधिक झिजते. कळा देणे हे अंगमेहनतीचे काम आहे. ते उपाशीपोटी होत नाही. कळा मंदावतात, वेळ लांबतो, आणि वाटेत अडकलेले वासरू गुदमरते. जे जगते ते अशक्त, आणि आईच्या कासेत चीकही पुरेसा नसतो. तेव्हा त्या माउलीला उत्तर असे की, बाई, तुमचा हेतू चांगला होता. पण गाठोड्यातून मूठभर काढले आणि हमालाची सारी ताकद काढून घेतली. आमची आजीदेखील गरोदर सुनांना म्हणायची, "जास्त खाऊ नको, पोर मोठं होईल, अडशील." बाईची आणि गाईची गोष्ट वेगळी आहे हे आम्ही जाणतो, पण आईला उपाशी ठेवून बाळंतपण सोपे करण्याचा हा विचार दोन्हीकडे सारखाच घातक आहे.

याचा अर्थ कालवडीला खाऊ घालून गोळा करावी असाही नाही. फाजील चरबी कटीच्या वाटेतच साचते आणि वाट आणखी अरुंद करते. बरगड्या मोजता येऊ नयेत, आणि शेपटीच्या मुळाशी चरबीचे गोळेही लोंबू नयेत, अशी मध्यम अंगाची कालवड उत्तम.

दरवाजा मोठा करता येतो का? काही अंशी येतो. पण तो वेताच्या तोंडावर नव्हे, वासरपणापासून. नियम असा सांगतात की, कालवड भरवताना तिचे वजन तिच्या जातीच्या पुऱ्या वाढलेल्या गाईच्या ५५ ते ६५ टक्के असावे आणि विताना सुमारे ८५ टक्के. पुरी गाय ५५० किलोंची होणारी असेल, तर कालवड विताना साधारण ४७० किलोंची हवी. महिने मोजून भरवू नये, वजन पाहून भरवावे.

नेब्रास्कात आणखी एक युक्ती काढली. वर्षाच्या कालवडीच्या कटीची वाट आतून मोजमापाच्या चिमट्याने उभी-आडवी मोजायची, दोन मापांचा गुणाकार करायचा आणि त्याला २.१ ने भागायचे. आले ते उत्तर म्हणजे तिला दोन वर्षांची असताना पेलेल असे वासराचे वजन, पौंडांत. सहाशे पौंडांच्या कालवडीचे माप १४० चौरस सेंटिमीटर आले, तर ६७ पौंड, म्हणजे ३० किलो. हिशेब सुटसुटीत आहे. पण पुढे अनुभव असा आला की अमुक एक कालवड अडेल की नाही, हे या मापावरून नेमके सांगता येत नाही. फारच अरुंद वाटेच्या कालवडी कळपातून वेगळ्या काढण्यापुरताच त्याचा उपयोग. शिवाय रुंद कटीच्याच कालवडी निवडत गेले, तर पुढची पिढी एकंदरीतच थोराड होते आणि वासरेही जड होतात. गाडी पुन्हा पहिल्या जागी येते.

म्हणून खरा उपाय वळूपाशीच आहे. आज अमेरिकेत वळूच्या नावापुढे केवळ त्याचे स्वतःचे वजन लिहिलेले नसते. त्याच्या संततीच्या नोंदी एकत्र करून, त्याच्यापासून वासरू किती जड होईल आणि कालवडींपैकी किती विनासायास वितील, याचे अंदाज आकड्यांत छापतात. वेत कसे गेले याचीही वही असते. मदत लागली नाही तर एक, थोडी लागली तर दोन, यंत्राने ओढावे लागले तर तीन, पोट कापावे लागले तर चार, आणि वासरूच आडवे-उलटे असले तर पाच. या आकड्यांवरून निवड केली तर काय होते, हे क्ले सेंटरने सात निरनिराळ्या कळपांत वर्षानुवर्षे पाहिले. सुलभ वेताकडे लक्ष ठेवून वळू निवडलेल्या कळपांत वासरे जन्मतः हलकी झाली, अडणे घटले, आणि तरी वर्षाच्या वयाला वजनात मागे पडली नाहीत. हा निकाल आम्हांला फार महत्त्वाचा वाटतो. जन्माला बेताचे आणि पुढे वेगाने वाढणारे, असे जनावर शोधले तर सापडते. उत्पादन हवे असेल तर आईने मोडलेच पाहिजे, असे मुळीच नाही. मात्र त्यासाठी कोणीतरी वही ठेवावी लागते.

आता खुद्द त्या रात्रीविषयी. निवड चुकली असो वा बरोबर असो, वेळ येतेच. आधी कालवड अस्वस्थ होते, उठबस करते, शेपूट उचलते. यात काही तास जातात, पहिलारूला अधिकच. तोवर तिला एकांत द्यावा. पाणमोट दिसल्यापासून मात्र घड्याळ पाहावे. पुढे काही सरकत असेल तर थांबावे. पहिलारूत तासाभरात काहीच सरकले नाही, तर डॉक्टरांना बोलवावे. दोन पायांचे तळ खाली आणि मागोमाग नाक, हे सरळ वासराचे चिन्ह. तळ वर असतील, एकच पाय असेल किंवा नुसती शेपटी दिसत असेल, तर विलंब न लावता डॉक्टरच हवेत. ओढायचेच झाले तर हात धुऊन, भरपूर वंगण लावून, कळ येईल तेव्हाच ओढावे. एका वेळी एकेक पाय पुढे घ्यावा, म्हणजे खांदे तिरपे होऊन निघतात. आधी सरळ आणि मग आईच्या खुरांच्या दिशेने खाली ओढ द्यावी. दोन माणसांच्या ताकदीने जे येत नाही, ते पाच जणांनी ओढू नये. आमची कालवड उठली नाही ती बहुधा याचमुळे. कटीच्या आतून मांडीकडे जाणाऱ्या शिरा दडपल्या, की मागचे पाय लुळे पडतात.

रात्रपाळी करणाऱ्यांसाठी एक शोध मुद्दाम सांगतो, कारण तो एका साध्या पशुपालकाचा आहे. कॅनडाच्या मॅनिटोबा प्रांतात कोनेफाल नावाच्या शेतकऱ्याच्या ध्यानात आले की, गाभण गाईंना वैरण रात्री उशिरा घातली तर अधिक गाई दिवसा वितात. पुढे आयोवा राज्यात १५ शेतांवरच्या १,३३१ गाईंना रोज तिन्हीसांजेलाच वैरण घालून पाहिली. ८५ टक्के वासरे सकाळी सहा ते संध्याकाळी सहा यांच्या दरम्यान जन्मली. खर्च काही नाही, फक्त वैरणीची वेळ बदलायची. दिवसा डॉक्टर मिळतो, माणूस जागा असतो, आणि गुराख्यालाही रात्री पाठ टेकता येते.

आपल्याकडे गाय मांसासाठी नाही, दुधासाठी आहे. तरी चूक तीच होते. काट्याच्या जागी दुधाचे माप आले, इतकेच. अधिक दुधाच्या आशेने लहानखुऱ्या, अर्धवट वाढलेल्या गावठी किंवा संकरित कालवडीला होल्स्टीन फ्रिजियनसारख्या थोराड जातीची रेतमात्रा भरतात. होल्स्टीनचे वासरू ४० किलोंच्या आसपास असते, जर्सीचे २५ किलोंच्या. मग बारीक कालवडीला कोणते पेलेल, हे सांगायला पशुवैद्य नको. रेतन करणाऱ्याला दोन प्रश्न विचारावेत: हा वळू कोणत्या जातीचा, आणि त्याची वासरे कालवडींना सोपी जातात का? उत्तर मिळाले नाही, तर पहिल्या वेताला हलक्या जातीची मात्रा मागावी. आता लिंग निवडलेले वीर्यही मिळते. त्यातून बहुतेक कालवडीच होतात आणि त्या थोड्या हलक्या असतात, हाही एक फायदाच.

त्या सभासदाच्या दारात पुढे दुसरी कालवड आली. तिला भरवण्यापूर्वी आम्ही सारे मिळून छातीचा घेर फितीने मोजून तिच्या वजनाचा अंदाज घेतला. वजन कमी भरले म्हणून चार महिने थांबलो. मग जर्सीची मात्रा दिली, खुराक शेवटपर्यंत चालू ठेवला आणि वैरण रात्री जेवणानंतर घातली. ती सकाळी दहाच्या सुमारास व्याली, कोणाचा हात न लागता. एका कालवडीवरून सिद्धान्त निघत नाही, हे आम्हांला कळते. ती रात्रीही विऊ शकली असती. पण त्या दिवशी त्या बाईने आमच्या हातावर खरवस ठेवला, तेव्हा तिच्या प्रश्नाचे उत्तर उशिरा का होईना, आपण दिले असे आम्हांला वाटले.

तात्पर्य, गाय ज्या रात्री अडते त्या रात्री ती अडलेली नसते. ती नऊ महिन्यांपूर्वी, वळू निवडताना अडलेली असते. कधी त्याच्याही आधी, ती वासरू असताना तिच्या पुढ्यातली पेंड कमी केली तेव्हा. दोर ओढायला धावणारे हात पुष्कळ असतात. त्यांतले थोडे तरी आधी वही आणि फीत धरतील, तर दोराची गरज क्वचितच पडेल. एवढे सांगून आम्ही आपली रजा घेतो.